जखम भरली, पण कशामुळे?

त्वचेच्या दुरुस्तीवर पीएचडी सुरू करताय, म्हणजे टीजीएफ-बीटा (पेशींना संदेश देणारं प्रथिन), केराटिनोसाइट (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी), जखम भरण्याचे चार टप्पे हे सगळं वाचून झालं असेल. माझे आठ महिने जिथे गेले, तेवढंच सांगते.

एक जनुक बंद केलेल्या उंदरांच्या पाठीवर मी ६ मिलिमीटरच्या पंचने (गोल तुकडा कापणाऱ्या हत्याराने) जखमा केल्या आणि रोज फोटो काढून क्षेत्रफळ मोजलं. जखमा लवकर मिटत होत्या, आलेख सुरेख आला. हे जनुक केराटिनोसाइटना सरकू देत नाही, असं मी लिहूनही टाकलं. साफ चूक.

उंदराच्या कातडीखाली पॅनिक्युलस कार्नोसस हा स्नायूचा पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम बरीचशी कडा आत ओढल्या जाऊन मिटते. माणसात हा थर जवळपास नाहीच. आपल्या जखमेत नवी ऊती भरते आणि तिच्यावरून त्वचा सरकत येते. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. त्यात वर खपली असली की खाली काय चाललंय ते कळतच नाही.

म्हणून छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ऊतीचा पातळ काप घ्या, आणि जखमेच्या बरोबर मधून घ्या. कडेचा छेद घेतलात तर जखम आहे त्यापेक्षा लहान दिसते. केराटिन १४ हे केराटिनोसाइटमधलं प्रथिन रंगवा. तुटलेल्या स्नायूच्या टोकांमधलं अंतर आकुंचन किती झालं ते सांगतं. जुन्या कडेपासून पुढे आलेली एपिथेलियमची (त्वचेच्या वरच्या थराची) जीभ हीच खरी नवी त्वचा. जखमेभोवती सिलिकॉनचं कडं शिवलं तर आकुंचन बरंच रोखता येतं. वेळ जातो, जाऊ द्या.

ओरखड्याच्या चाचणीवर, म्हणजे बशीत वाढवलेल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो मिटतो का ते बघण्यावर, प्रबंध उभा करू नका. पेशींचं विभाजन थांबवणारं मायटोमायसिन न घालता पेशी सरकल्या की नुसत्या संख्येने वाढल्या, कसं सांगणार? उंदरांचं वय आणि केसांच्या वाढीचं चक्रही जुळवा: काळ्या उंदराची भादरलेली पाठ गुलाबी असेल तर केस विश्रांतीत, करडी-काळसर असेल तर वाढीत, आणि वाढीच्या काळात जखम लवकर भरते.

आलेखावर खूश होणाऱ्या गाइडपेक्षा स्लाइड मागणारं माणूस जवळ ठेवा. मला ती आमच्या टेक्निशियन बाईंनी मागितली. त्या दिवशी रडले.

पण घाबरू नका, ऊतींचे ब्लॉक (ज्यातून काप घेतात ते तुकडे) जपले असतील तर सगळं वाया जात नाही. माझे होते. तेच पुन्हा कापून अल्फा-एसएमए हे प्रथिन रंगवलं, तेव्हा ते असलेल्या, जखम आकसवणाऱ्या पेशी, म्हणजे मायोफायब्रोब्लास्ट, जास्त दिसल्या. जनुकाचा परिणाम तिथे होता. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यावरच आहे.