ऑपेराचा प्रयोग विंगेतून कसा चालवायचा

नाटकाच्या बॅकस्टेजला काम केलेली मंडळी ऑपेराकडे आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : क्यू, म्हणजे दिवे-पडदे हलवण्याचा इशारा, कोणत्या वाक्यावर द्यायचा? ऑपेरात क्यू वाक्यावर देत नाहीत. नटाने वाक्य लांबवलं, मध्येच पॉज घेतला, तर नाटक त्याच्यासाठी थांबतं. साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा थांबत नाही. दिवे, पडदे, कोरसची (समूहगायकांची) एण्ट्री, विंगेतली घंटा, जवळजवळ सगळं स्कोअरमधल्या, म्हणजे छापील स्वरलिपीतल्या, अमुक बारच्या (ठरावीक मात्रांच्या तुकड्याच्या) अमुक मात्रेला बांधलेलं असतं. मी ऑपेराची स्टेज मॅनेजर आहे. हे काम हाती घेणाऱ्याने सुरुवात कुठून करावी आणि कशाला जिवापाड जपावं, ते इथे लिहिते. उदाहरणाला इटालियन संगीतकार पुच्चिनीचा ‘ला बोएम’ घेते. १ फेब्रुवारी १८९६ रोजी तोरिनोत (ट्युरिनमध्ये) त्याचा पहिला प्रयोग झाला आणि आजही तो जगभर होत असतो. बॅकस्टेजच्या बहुतेक सगळ्या अडचणी या एका ऑपेरात भेटतात.

आधी वही तयार करा. पियानो आणि गायकांसाठी छापलेला स्कोअर घ्या, पानं सुटी करा आणि प्रत्येक पानासमोर एक कोरं पान येईल अशी फाइल लावा. उजवीकडे संगीत, डावीकडे क्यू. सगळं पेन्सिलने, कारण शेवटच्या तालमीपर्यंत यातलं काहीही बदलू शकतं. स्वतःला गाता आलं नाही तरी चालेल, पण चालू संगीताबरोबर बोट फिरवत बार मोजता आलेच पाहिजेत. त्यासाठी घरी रेकॉर्डिंग लावून सराव करा, आणि तो एकाच रेकॉर्डिंगवर करू नका. चार वेगवेगळ्या कंडक्टरांची (ऑर्केस्ट्रा हाताने चालवणाऱ्यांची) रेकॉर्डिंग्ज ऐका. एकच लय कानात बसली तर आपल्या कंडक्टरने एखादी जागा जरा लांबवली की तुमची जीभ त्याच्या आधी ‘गो’ (क्यू सोडण्याचा शब्द) म्हणून मोकळी होते.

वहीत ‘गो’ची खूण कुठे करायची, हे नीट समजून घ्या. परिणाम जिथे दिसायला हवा तिथे ती करायची नाही. तुम्ही जिथे बोलणार तिथे करायची. बटण दाबणाऱ्याचा हात चटकन चालतो, पण दोरावरच्या माणसाला वजन हलवायचं असतं, आणि जाड मखमली पडदा हलला हे प्रेक्षकाला दिसेपर्यंत आणखी क्षण जातो. म्हणून पडद्याची खूण एक मात्रा, कधी दोन मात्रा आधी. हे अंतर प्रत्येक थिएटरात वेगळं असतं. पहिल्याच दिवशी पडदेवाल्याबरोबर उभं राहून ते पाठ करून टाका. ‘स्टँडबाय’ (तयार राहा) हा इशारा साधारण अर्धा मिनिट आधी द्यावा, फार आधी दिला तर माणसाचं लक्ष उडतं. आणि हेडसेटवर ‘गो’ हा शब्द क्यूखेरीज कशासाठीही उच्चारायचा नाही. ‘तो गो म्हणाला’ असं सांगायचं असलं तरी ‘तो शब्द म्हणाला’ असंच सांगायचं. कोणी तरी त्यावर बटण दाबणारच.

तालमींचा क्रम असा. आधी गायक पियानोबरोबर संगीत पक्कं करतात. मग तालमीच्या हॉलमध्ये हालचाली बसवल्या जातात; तिथे नेपथ्य नसतं, म्हणून त्याची खऱ्या मापाची आखणी जमिनीवर रंगीत टेपने करायची, प्रत्येक अंकाला वेगळा रंग. दार, पायरी, खिडकी सगळं आखा. गायक तालमीत पूर्ण आवाज लावत नाहीत, अर्ध्या आवाजात किंवा एक सप्तक खाली गातात. याला ‘मार्किंग’ म्हणतात. कोणी मार्किंग करतंय म्हणजे कामचुकारपणा करतंय असं समजू नका. गळा प्रयोगासाठी राखायचा असतो.

त्यानंतर ‘सित्झप्रोब’. गायक खुर्च्यांवर बसून पहिल्यांदा पूर्ण ऑर्केस्ट्राबरोबर गातात. या दिवशी आपल्याला काम नाही असं वाटतं, पण माझ्या मते वहीसाठी हाच दिवस सर्वांत मोलाचा. पियानोवर ठळक ऐकू येणारी ओळ ऑर्केस्ट्रात व्हायोलांच्या पोटात गडप होते आणि भलताच हॉर्न वर येतो. ज्या आवाजाच्या भरवशावर तुम्ही क्यू ठरवला होता तो प्रयोगात ऐकूच येणार नाही, हे त्या दिवशी कळतं. प्रत्येक क्यूशेजारी ‘इथे काय ऐकू येतं’ ते लिहा. मग मंचावर पियानोसह तालीम, नंतर ऑर्केस्ट्रासह, शेवटी रंगीत तालीम. ऑर्केस्ट्रा आला की वेळेचा मालक कंडक्टर. दिव्यांचा गोंधळ झाला म्हणून तालीम थांबवू नका, लिहून ठेवा आणि पुढे चला. माणसाला इजा होण्याचा धोका दिसला तरच थांबवायचं, आणि तेव्हा जराही न कचरता मोठ्याने थांबवायचं.

ऑपेराचे गायक मायक्रोफोनशिवाय गातात. तयार आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास जास्तीची ताकद असते. त्या पट्ट्यात ऑर्केस्ट्राचा जोर तुलनेने कमी, म्हणून आवाज वरून पार जातो. पण त्याला मागून साथ लागते. गायकाच्या पाठीशी लाकडी, टणक भिंत असेल तर आवाज सभागृहात फेकला जातो. जाड कापड असेल तर ते तो पिऊन टाकतं. नेपथ्याचं मॉडेल समोर आलं की महत्त्वाची गाणी कुठे उभं राहून गायची आहेत आणि मागे काय आहे, हे तेव्हाच विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो. त्याच कारणाने विंगेतला प्रत्येक आवाज शत्रू. चाकांना रबर, कोरसच्या बुटांना खालून रबरी तळवे, बॅकस्टेजच्या माणसांना मऊ तळव्याचे काळे बूट.

आता ‘बोएम’चा पहिला अंक. गच्चीलगतची थंडगार खोली, कवी रोडोल्फो आणि दारात मेणबत्ती विझलेली शेजारीण मिमी. तो ती पेटवून देतो. ती जाते, किल्ली विसरली म्हणून परतते, वाऱ्याने मेणबत्ती पुन्हा विझते, मग त्याचीही विझते. अंधारात दोघं किल्ली शोधतात आणि हाताला हात लागतो. कितीतरी थिएटरांत मंचावर खरी ज्योत चालत नाही, म्हणून विजेची मेणबत्ती देतात, अंगठ्याखाली बटण असलेली. गायिकेने बटण दाबलं की त्याच क्षणी खोलीतला उजेडही उतरला पाहिजे, नाही तर प्रेक्षकाला लबाडी कळते. हा क्यू मी स्कोअरवरून देत नाही, तिच्या हाताकडे बघून देते. माझ्या जागेवरून हात दिसत नसेल तर प्रकाशाच्या ऑपरेटरलाच तो बघून घ्यायला सांगते आणि वहीत तसं लिहून ठेवते. उलट चंद्रप्रकाशाचा क्यू पूर्ण संगीताचा. तो इतका हळू चढवायचा की कधी सुरू झाला हे कोणाच्या लक्षात येऊ नये. किल्लीला काळा दोरा किंवा चमकती खूण असू नये, पण तिची जागा नक्की ठरलेली असावी. अंधारात गायक तिला खरंच शोधत बसला तर पुढचं गाणं श्वास चुकून सुरू होतं. आणि मेणबत्तीचे सेल प्रत्येक प्रयोगाला नवे घाला.

अंक संपताना दोघं गात गात बाहेर पडतात आणि शेवटचे सूर विंगेतून येतात. ऑपेराच्या बॅकस्टेजचा सर्वांत नाजूक भाग इथे आहे. कंडक्टरवर कॅमेरा रोखलेला असतो आणि विंगांमध्ये त्याचं चित्र दाखवणारे मॉनिटर लावलेले असतात. मंचावर मिट्ट काळोख असला तरी तो दिसावा म्हणून अंधारात चालणारा इन्फ्रारेड कॅमेरा लावतात. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गायक पिटपासून (मंचासमोरच्या ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यापासून) ३० मीटर मागे असेल तर त्याचा सूर तिथवर पोचायला सेकंदाचा जवळपास अकरावा भाग जातो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तो उशीर एका मात्रेच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यात गायक कानाने ऑर्केस्ट्रा ऐकून गायला तर येणं आणि जाणं मिळून उशीर दुप्पट होतो. म्हणून विंगेतून गाताना कान बंद, डोळे मॉनिटरवर. शेजारी साहाय्यक कंडक्टर उभा राहतो आणि मुद्दाम किंचित आधी हात टाकतो. मॉनिटरवर चित्रच उशिरा येत असेल तर ही सगळी मेहनत वाया. जुने जाडजूड ट्यूबचे मॉनिटर काही ऑपेरागृहांनी याचसाठी जपून ठेवले. नवी यंत्रणा लावताना चित्र छान दिसतं का हे नंतर बघा, आधी ते उशिरा येतं का ते बघा.

दुसरा अंक जेमतेम वीस मिनिटांचा आणि त्यात अख्खं गाव मंचावर. नाताळच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ, पॅरिसचा चौक, फेरीवाले, मुलांचा कोरस, खेळणी विकणारा पार्पिन्योल, कॅफेची टेबलं, त्यावर जेवण. या अंकासाठी एका मोठ्या कागदावर विंगांचा नकाशा काढा आणि कोण कोणत्या विंगेतून कोणत्या बारला आत जातो, बाहेर कुठून पडतो, हातात काय असतं ते लिहा. गर्दीत टक्कर मंचावर होत नाही, विंगेत होते : एक टोळी बाहेर येतेय आणि गाडी आत जातेय. गाडीला विंग राखून ठेवा आणि त्या विंगेतून दुसऱ्या कोणालाही पाठवू नका. मुलांबरोबर त्यांची देखभाल करणारी माणसं हवीत, आणि प्रत्येक एण्ट्रीच्या आधी व नंतर मुलं मोजायची. रात्र फार होऊ नये म्हणून अनेक ठिकाणी मुलं याच अंकानंतर प्रेक्षकांना अभिवादन करून घरी जातात.

प्रॉपर्टीचं टेबल पांढऱ्या कागदाने मढवा, प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढा आणि आत तिचं नाव लिहा. रिकामी रेषा दूरूनही दिसते. मिमीचं बॉनेट (टोपी), रोडोल्फोचा मित्र शोनारचा हॉर्न, कॅफेचं बिल, आणि म्युझेटा या नखरेल तरुणीचा बूट. बूट चावतो म्हणून ती ओरडते, तिच्या मागे लागलेल्या म्हाताऱ्या आल्चिंदोरोला तो घेऊन पिटाळते आणि मोकळी होते. हा बूट झटक्यात निघाला पाहिजे, पण त्याआधी नाचता-फिरताना निघता कामा नये. वरून दाखवायला लेस आणि आत खरं काम करायला इलास्टिक, असा तोडगा मला आवडतो. गायिकेने तालमीच्या पहिल्या दिवसापासून तोच बूट घालावा.

अंकाच्या शेवटी लष्करी बँड दूरून वाजत येतो आणि मंचावरून जातो. आधी सांगितलेल्या उशिराचं गणित इथे चालता चालता बदलतं : बँड लांब असताना साहाय्यक कंडक्टरने जास्त आधी हात टाकायचा, जवळ येताना ते अंतर कमी करत आणायचं. याची तालीम वेगळी मागून घ्या. एकदा करून जमत नाही.

तिसऱ्या अंकात बर्फ. दोन पाइपांच्या मध्ये भोकं पाडलेलं लांब कापड झोळीसारखं टांगतात, एक पाइप हलवला की कागदी बर्फ झिरपतं. कागद आग न पकडणारा हवा. तो गायकाच्या तोंडासमोर पडता कामा नये. श्वासाबरोबर एक कपटा आत गेला तरी गाणं तिथेच संपतं. खाली पडलेलं बर्फ झाडून पुन्हा झोळीत भरू नका. झाडताना त्यात खिळे आणि स्क्रू येतात, आणि पुढच्या प्रयोगाला ते वरून माणसांवर पडतात. धुक्यासाठी ड्राय आइस वापरणार असाल तर कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो हे ध्यानात ठेवा. तो वाहत जाऊन पिटमध्ये साठतो, आणि तिथे माणसं बसून फुंकवाद्यं वाजवत असतात.

वर टांगलेल्या नेपथ्याचा नियम एकच, तो दोन्ही बाजूंनी पाठ हवा. चढवताना पाइप खाली असताना आधी नेपथ्य बांधायचं, मग समतोलाची वजनं भरायची. उतरवताना आधी वजनं काढायची, मग नेपथ्य सोडायचं. उलटं केलं तर सगळा पाइप सुटतो. आग सभागृहात पसरू नये म्हणून असलेला लोखंडी पडदा प्रत्येक प्रयोगाआधी खाली-वर करून बघा. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाचं रिंगथिएटर जळालं, शेकडो माणसं गेली, आणि त्यानंतर नाट्यगृहांचे आगीचे नियम कडक झाले. त्या पडद्याच्या रेषेवर टेबल, खुर्ची, केबल काहीही ठेवू देऊ नका, दिग्दर्शक कितीही मोठा असला तरी.

सरटायटल्सबद्दल, म्हणजे मंचाच्या वर दिसणाऱ्या गाण्याच्या भाषांतरित ओळींबद्दल, थोडंच. टोरोंटोत १९८३ साली सुरू झालेली ही सोय आता सगळीकडे आहे. ओळी आपोआप बदलत नाहीत, स्कोअर वाचणारा माणूस प्रत्येक ओळ हाताने सोडतो. विनोदाची ओळ गायकाच्या आधी पडद्यावर आली तर हशा आधी येतो आणि गायक उघडा पडतो. त्या माणसालाही हेडसेट द्या आणि तालमींना बोलवा.

गायकाचा आवाज बसला तर? मोठ्या भूमिकांना ‘कव्हर’, म्हणजे बदली गायक, असतो. तो कुठे आहे आणि किती वेळात पोचेल, हे दुपारीच विचारून घ्या. कधी आजारी गायक हालचाली करतो आणि दुसरा कडेला स्कोअर घेऊन गातो. तसं होणार असेल तर स्टँड, छोटा दिवा आणि मॉनिटर दिसेल अशी जागा तयार ठेवा.

शेवटच्या अभिवादनाचा क्रम रंगीत तालमीतच बसवा आणि विंगेत चिकटवा. कंडक्टरला पिटमधून मंचावर यायला वेळ लागतो, म्हणून त्याला आणायला माणूस आधीच पाठवा. सगळे गेले की प्रॉपर्टी मोजा, हेडसेट परत घ्या, आणि घरी जाण्याआधी त्याच रात्री अहवाल लिहा : प्रत्येक अंक किती मिनिटं-सेकंद चालला, मध्यंतर किती लांबलं, कोणता क्यू उशिरा गेला आणि का, काय मोडलं, कोणाला लागलं. त्याची प्रत सुतार, वेशभूषा, प्रकाश आणि संगीत या सगळ्या विभागांना सकाळी मिळाली पाहिजे, म्हणजे मोडलेली खुर्ची पुढच्या प्रयोगाआधी दुरुस्त झालेली असेल.