'इन द पेल मूनलाइट' नीट कसा बघायचा: रोम्युलन, खोटा पुरावा आणि सिस्कोचा हिशोब

स्टार ट्रेकची 'डीप स्पेस नाइन' ही सिरीज आधी कधी बघितली नाही आणि कुणी सांगितलं म्हणून थेट सहाव्या सीझनचा १९ वा एपिसोड लावला, तर बहुतेकांची तक्रार एकच येते, की युद्ध चालू आहे म्हणतात पण माणसं नुसती खोलीत बसून बोलतायत. खरंय, लढाई जवळपास नाहीच यात. तरी एप्रिल १९९८ ला आलेला हा एपिसोड म्हणजे स्टार ट्रेकमध्ये युद्ध आणि डिप्लोमसीवर झालेलं सगळ्यात भारी काम आहे असं माझं ठाम मत आहे, फक्त तो थोडी तयारी करून बघायला लागतो. ती तयारी कशी करायची ते खाली लिहितोय. शेवटही सांगणार आहे, त्यामुळे ज्यांना तो कळायला नकोय त्यांनी आधी एपिसोड बघून या.

आधी पार्श्वभूमी. डीप स्पेस नाइन हे एक अंतराळ स्थानक आणि सिस्को त्याचा कॅप्टन. युद्धात एका बाजूला त्याचं फेडरेशन (पृथ्वी आणि मित्र ग्रहांचा संघ) आणि क्लिंगॉन, दुसऱ्या बाजूला वर्महोलपलीकडून, म्हणजे अंतराळातल्या बोगद्यापलीकडून, आलेलं डोमिनियन आणि त्यांना जाऊन मिळालेलं कार्डेशिया, आणि मध्ये रोम्युलन, ज्यांनी डोमिनियनशी अनाक्रमणाचा करार केलाय आणि आता शांतपणे गंमत बघत बसलेत. सगळी सिरीज बघायला वेळ नसेल तर पाचव्या सीझनचा शेवटचा 'कॉल टू आर्म्स' बघा, युद्ध तिथे पेटतं, आणि जमलं तर सहाव्या सीझनचे पहिले सहा एपिसोड. पण माझं ऐकाल तर तिसऱ्या सीझनची 'इम्प्रॉबेबल कॉज' आणि 'द डाय इज कास्ट' ही जोडी अजिबात सोडू नका. त्यात रोम्युलनांची ताल शियार आणि कार्डेशियाची ऑब्सिडियन ऑर्डर या दोन गुप्तहेर संस्था मिळून डोमिनियनच्या फाउंडर्सवर, म्हणजे त्यांच्या राज्यकर्त्यांवर, हल्ला करायला जातात आणि सापळ्यात सापडून सगळा ताफा घालवून बसतात. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, त्यामुळे रोम्युलन नंतर एवढे सावध का, हे तिथेच कळतं. शिवाय गॅरक कोण आहे तेही कळतं, म्हणजे स्टेशनवर कपडे शिवणारा हा गोड बोलणारा माणूस आधी काय धंदे करायचा.

पहिल्यांदा बघताना पॉज करू नका, सबटायटल मात्र लावा, कारण इथे एकेका वाक्यात राजकारण आहे. दुसऱ्यांदा बघताना वही घ्या आणि प्रत्येक माणसापुढे दोनच गोष्टी लिहा: याला काय हवंय आणि याला काय गमवायची भीती आहे. कोण चांगला कोण वाईट ते लिहू नका, त्याने काही हाती लागत नाही.

या पद्धतीने दोन सीन तरी नीट बघाच. पहिला सिस्को आणि त्याची सहकारी अधिकारी डॅक्स यांचा. सिस्कोला रोम्युलनांना युद्धात ओढायचंय, तर डॅक्स सरावासाठी रोम्युलन असल्याचं सोंग घेते आणि त्याच्याशी भांडते. आमचा करार आहे, डोमिनियन आम्हाला हात लावत नाही, तुम्ही हरताय, मग आमची पोरं तुमच्यासाठी का मरायची? सिस्को म्हणतो की आज आम्ही, उद्या तुम्ही. आणि डॅक्स म्हणते, पुरावा दे. हा सीन मी कुणालाही वाटाघाटी म्हणजे काय हे सांगायला दाखवीन, कारण समोरच्याच्या खुर्चीत बसून स्वतःचं म्हणणं तपासणं ही तयारी असते आणि ती बहुतेक लोक करतच नाहीत. इथे पॉज करून विचारा की सिस्कोचा मुद्दा खोटा आहे का? नाही, मुद्दा बरोबरच आहे, डोमिनियन उद्या रोम्युलनांवर उलटणारच असं मलाही वाटतं. फक्त त्याच्याकडे दाखवायला काही नाही, आणि पुढची सगळी भानगड या एका फटीतून सुरू होते.

दुसरा सीन रोम्युलन सेनेटर व्रीनॅक स्टेशनवर येतो तो. डोमिनियनशी करार करण्यात याचाच पुढाकार होता, म्हणजे त्याला पटवणं म्हणजे त्याची स्वतःचीच चूक त्याच्याकडून कबूल करून घेणं, आणि ते किती अवघड हे राजकारण बघणाऱ्याला सांगायला नको. तो शांतपणे गणित मांडतो, त्यांची जहाजबांधणी पूर्ण जोरात, तुमच्या गोद्या अजून दुरुस्तीत, त्यांच्याकडे जेम'हदार सैनिक पैदा होतायत, तुमच्याकडे माणसं कमी, आणि तुम्ही गुपचूप तहाची चाचपणी करताय. यातलं काहीच चुकीचं नाही! म्हणून तो व्हिलन वाटला तरी त्याचे मुद्दे वहीत लिहून घ्या. आणि त्याच्या हातातला ग्लास बघा. सिस्को त्याला रेप्लिकेटर या यंत्रात बनवलेली रोम्युलन दारू, कली-फाल, देतो, आणि तो म्हणतो की क्षणभर ही खरी नाही हे विसरलोच होतो, पण जाणकाराला फरक कळतो. थोड्या वेळाने त्याच माणसाच्या हातात बनावट डेटा रॉड पडणार आहे, म्हणजे डोमिनियन रोम्युलनांवर हल्ल्याचा कट करतंय असा खोटा पुरावा भरलेली नळी. सगळेजण तो नंतर 'हे खोटं आहे' म्हणून ओरडतो त्या सीनची चर्चा करतात, पण माझ्या मते सगळा एपिसोड या एका घोटात आहे.

आता हिशोब. दुसऱ्या वेळी बघताना मार्जिनमध्ये सिस्कोने कुठे काय किंमत मोजली ते क्रमाने लिहीत जा. सुरुवात दर शुक्रवारी लागणाऱ्या मृतांच्या यादीपासून होते, मग फेडरेशनचा बेटाझेड हा ग्रह शत्रूच्या हाती पडल्याची बातमी येते आणि तिथून व्हल्कन, अँडोर, टेलर हे ग्रहही सगळे धोक्यात. तिथून पुढे बघा. गॅरकने खरा पुरावा मिळवायला कार्डेशियातल्या जुन्या ओळखीच्यांना कामाला लावलं आणि ते सगळे मारले गेले. मग खरा मिळत नाही तर बनवू. बनवायला टोलार नावाचा गुन्हेगार क्लिंगॉनांच्या तुरुंगातून सोडवून आणला, त्याने दारू पिऊन स्टेशनवरच्या बारमालक क्वार्कवर सुरा चालवला, मग ते दाबायला क्वार्कला लाच दिली. मग रॉडच्या बदल्यात द्यायचं बायोमिमेटिक जेल, म्हणजे घातक कामालाही वापरता येणारा एक पदार्थ, जो द्यायला स्टेशनचा डॉक्टर बशीर तयार नाही, तो लेखी ऑर्डर मागतो आणि निषेध नोंदवतो. बशीरचा सीन छोटा आहे पण सोडू नका, कारण नाही म्हणायची वाट होती हे त्याच्यामुळे दिसतं. आणि हो, स्टारफ्लीट कमांडने, म्हणजे फेडरेशनच्या लष्करी नेतृत्वाने, या प्लॅनला मंजुरी दिलेली असते, ही गोष्ट लोक विसरतात आणि सगळं खापर एकट्या सिस्कोवर नाहीतर गॅरकवर फोडतात. एकेक पायरी बघितली तर प्रत्येक वेळी "आता इथवर आलोच आहोत तर" एवढंच कारण पुरतं.

मराठी वाचकाला इथे 'नरो वा कुंजरो वा' आठवणारच. तिथे निदान अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता, धर्मराजाला लपायला अर्ध्या सत्याचा आडोसा तरी होता, सिस्कोला तेवढाही नाही, तो सेनेटरच्या तोंडावर अख्खं खोटं बोलतो.

व्रीनॅकला रॉड खोटा आहे हे कळतं आणि तो निघून जातो, इथे पुन्हा पॉज करा आणि सिस्कोची योजना फसली असं धरून पुढे काय होईल ते स्वतः लिहा. मग गॅरकचं ऐका. त्याने सेनेटरच्या शटलमध्ये बॉम्ब ठेवलेला असतो. स्फोटातून वाचलेल्या रॉडमध्ये दोष दिसले तर ते स्फोटामुळेच आलेत असं तपासणारे मानणार, आणि सेनेटर हा पुरावा डोमिनियनकडून घेऊन येत होता म्हणून डोमिनियनने त्याला मारलं असा निष्कर्ष रोम्युलन स्वतःच काढणार. म्हणजे पुरावा किती चांगला यापेक्षा तो कुठे, कसा आणि कुणाला सापडतो याला जास्त वजन.

हे पटत नसेल तर झिमरमन टेलिग्राम वाचा. जानेवारी १९१७ मध्ये जर्मनीने मेक्सिकोला गुप्त तार पाठवली, की अमेरिका युद्धात उतरली तर आमच्या बाजूने या, टेक्सास, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना परत मिळवायला मदत करू. ब्रिटिशांनी ती पकडली आणि उलगडली. ही तार खरी होती, तरी त्यांची पंचाईत झाली, कारण दाखवली तर जर्मनांना कळणार की आमचे कोड फुटलेत, आणि आपण अमेरिकेचाही तारांचा रस्ता ऐकतो हे अमेरिकेला कळणार. म्हणून त्यांनी मेक्सिकोतल्या तार कार्यालयातून तिची वेगळी प्रत मिळवली आणि मग अमेरिकेला दिली. १ मार्चला पेपरात आली, खोटी आहे असा आरडाओरडा चालू असतानाच झिमरमनने स्वतः कबूल केलं, आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात. पाणबुड्यांचे हल्ले हेही मोठं कारण होतंच, एकट्या तारेने युद्ध झालं असं म्हणू नये. पण एपिसोड बघून झाल्यावर हे वाचलं की सिस्कोच्या टेबलावर नेमकं काय चाललं होतं ते जास्त लख्ख दिसतं.

ग्रुपने बघणार असाल तर संपल्यावर "सिस्को बरोबर की चूक" असा प्रश्न टाकू नका, पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा, कुठल्या पायरीवर तुम्ही थांबला असता? आणि थांबला असता तर पुढच्या शुक्रवारच्या यादीचं काय केलं असतं? आमच्याकडे बशीरच्या जेलवर थांबणारे बरेच निघतात, मी टोलारला सोडवतानाच थांबलो असतो, पण बेटाझेडची बातमी परत ऐकली की तेही तेवढ्या खात्रीने सांगवत नाही. सिस्को हे सगळं लॉगमध्ये कॅमेऱ्याकडे बघून आपल्याला सांगत असतो आणि शेवटी तोच लॉग पुसून टाकतो, म्हणजे त्याच्या जगात हे कुणालाच कळणार नाही, हेही चर्चेत घ्या.

आणि इथे थांबू नका. सातव्या सीझनचे पहिले दोन एपिसोड, 'इमेज इन द सँड' आणि 'शॅडोज अँड सिम्बॉल्स', लगेच लावा. त्यात हेच नवे मित्र रोम्युलन स्टेशनजवळच्या बेजोर ग्रहाच्या डेर्ना नावाच्या चंद्रावर हॉस्पिटल उभारतो म्हणून हळूच शस्त्रं आणून ठेवतात, आणि स्टेशनवरची बेजोरची अधिकारी कीरा थोडीशी जहाजं घेऊन त्यांची नाकेबंदी करते, जिंकायची शक्यता जवळपास शून्य असताना. तिथेही वही काढा आणि तेच दोन प्रश्न लिहा, यावेळी रोम्युलन सेनेटर क्रेटॅक आणि स्टारफ्लीटचे अ‍ॅडमिरल रॉस यांच्या नावापुढे. मग त्याच सीझनचा 'इंटर आर्मा एनिम सायलेंट लेगेस' हा एपिसोड, पण तो रात्री उशिरा लावू नका, बघून झाल्यावर बोलायला कुणीतरी जागं लागतं.