प्रेमकथेतली निवड आणि रहस्यातला अंदाज : प्रतिक्रियांची वही कशी ठेवावी

एखादी व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रे, मजकूर आणि वाचकाच्या निवडी यांतून पुढे सरकणारा कथाखेळ) वाचून संपवल्यानंतर किंवा रहस्यप्रधान अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, पाहून झाल्यानंतर आपण जे लिहितो ती बहुतेक वेळा प्रतिक्रिया नसते, तर प्रतिक्रियेची आठवण असते, आणि ही आठवण शेवट कळल्यामुळे आधीच बदललेली असते. मला हे उशिरा उमगले. एका रहस्याचा उलगडा मला पहिल्यापासून ठाऊक होता असे मी ठामपणे सांगत असे. पुढे जुन्या कागदांमध्ये त्याच भागाच्या मध्यावर खरडलेली एक ओळ सापडली आणि तिच्यात मी भलत्याच पात्राचे नाव खात्रीने लिहिलेले होते. तेव्हापासून मी वही समोर ठेवूनच पाहते. ती वही कशी ठेवावी, कोठे थांबावे आणि काय लिहावे हे दोन कलाकृतींच्या आधाराने येथे सांगते: ‘क्लॅनाड’ ही की या निर्मितीसंस्थेची २००४ मधील प्रेमकथाप्रधान व्हिज्युअल नॉव्हेल आणि ‘ह्योका’ ही क्योतो अ‍ॅनिमेशनची २०१२ मधील बावीस भागांची रहस्यमालिका. दोन्हींच्या शेवटाबद्दल काहीही उघड करणार नाही.

या दोन प्रकारांत वही वेगवेगळ्या क्षणी उघडावी लागते. ‘क्लॅनाड’मध्ये निवडीचा चौकोन पडद्यावर आला की, पर्यायावर क्लिक करण्यापूर्वी. ‘ह्योका’मध्ये प्रश्न मांडला गेला की, उत्तर सुरू होण्यापूर्वी. हा नियम पाळला तर वहीचे अर्धे काम झाले, कारण उरलेले सारे नंतर लिहिता येते. हे दोन क्षण मात्र एकदा निसटले की परत मिळत नाहीत.

आधी ‘क्लॅनाड’. कथा ओकाझाकी तोमोयाच्या तोंडून सांगितली जाते. शाळेकडे जाणाऱ्या, दुतर्फा साकुरा (चेरीची झाडे) फुललेल्या चढावर त्याला फुरुकावा नागिसा भेटते. ती आजारपणामुळे तेच वर्ष पुन्हा करते आहे, आणि पाऊल पुढे पडावे म्हणून स्वतःलाच धीर देत ‘आन्पान’ असे पुटपुटते. आन्पान म्हणजे गोड पुरणासारखे सारण भरलेला जपानी पाव. तिच्या आईवडिलांची बेकरीच आहे. हा प्रसंग वाचताना वहीत ‘छान सुरुवात’ असे लिहू नका. नेमके काय खटकले किंवा काय आवडले ते लिहा: शब्द हास्यास्पद वाटला का, तोमोयाचे उत्तर उद्धट वाटले की आधार देणारे, चढाचे चित्र पाहून स्वतःची शाळा आठवली का. आपल्याकडे शाळेची सुरुवात जूनच्या पहिल्या पावसाला आणि ओल्या दप्तराला चिकटलेली असते, तर तिथे ती एप्रिलमधल्या फुलांना. त्यामुळे जपानी वाचकाच्या मनात त्या चढावर जे आपोआप उमटते, ते आपल्याला थोडे अनुवाद करून घ्यावे लागते. हा अनुवाद करावा लागला ही देखील नोंद घेण्याजोगी प्रतिक्रिया आहे.

निवडीचा चौकोन आला की प्रथम खेळ सेव्ह करा आणि त्या सेव्हचा क्रमांक वहीत लिहा. त्यापुढे तीन छोटी वाक्ये पुरतात: कोणते पर्याय होते, मी कोणता निवडते आहे, आणि कशासाठी. तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत टाळले जाणारे. पर्याय आपण कधी दयेपोटी निवडतो, कधी निव्वळ कुतूहलाने, तर कधी अमुक मुलीचा रूट सुरू व्हावा म्हणून हिशेबाने, आणि हिशेब असेल तर तो हिशेब आहे असे प्रामाणिकपणे लिहावे. रूट म्हणजे एका पात्राभोवती फिरणारी कथेची वाट. नागिसाखेरीज इचिनोसे कोतोमी, फुजिबायाशी क्यो, साकागामी तोमोयो, लाकडी तारामासे कोरून वाटत फिरणारी इबुकी फूको अशा अनेकींच्या वाटा येथे आहेत. पुढचा ‘आफ्टर स्टोरी’ हा भाग त्यांतून मिळणारे प्रकाशाचे ठिपके जमवल्यावरच उघडतो. म्हणजे सगळ्यांच्या कथा वाचणे ही खेळाचीच मागणी आहे, आणि दहा दिवसांपूर्वी जिच्यासाठी जीव तुटत होता तिला आता दुसऱ्या वाटेवर वळण्यासाठी आपणच टाळतो. ही अपराधी चुटपुट प्रेमकथेच्या छापील पुस्तकात सहसा वाट्याला येत नाही. ती आली तर तिच्यासाठी वहीत वेगळे पान ठेवा, कारण माझ्या मते या कलाप्रकाराचा गाभा तिथेच आहे.

इथे मराठी आपल्याला एक मोठी सोय देते. कथा ‘मी’ मध्ये आहे आणि नोंदही ‘मी’ मध्येच लिहिली जाते, त्यामुळे काही पानांनंतर कोणता ‘मी’ कोणाचा हे कळेनासे होते. मी स्त्री असल्यामुळे ‘मी थांबलो’ म्हणजे तोमोया आणि ‘मी थांबले’ म्हणजे मी, अशी विभागणी क्रियापदानेच करून टाकली. पुरुष वाचकांनी तोमोयाचा उल्लेख नावाने करावा. ही किरकोळ बाब वाटेल. पण आपण पात्राच्या बाजूने बोलत होतो की त्याच्यावर चिडलो होतो, हे वर्षभरानंतर वही उघडल्यावर याच एका अक्षरावरून समजते.

संबोधनांवरही कान ठेवा. तोमोया आरंभी नागिसाला ‘फुरुकावा’ या आडनावाने हाक मारतो आणि पुढे केव्हातरी ‘नागिसा’ म्हणू लागतो. हा बदल आपल्याकडच्या ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याइतका मोठा आहे, आणि इंग्रजी मजकूर भरभर वाचत गेल्यास तो नजरेतून सुटू शकतो. २००४ च्या मूळ आवृत्तीत पात्रांना आवाज नव्हते. ते नंतरच्या आवृत्त्यांत आले, तेव्हा ज्यांच्याकडे आवाज असलेली आवृत्ती आहे त्यांनी हाक ऐकावी, केवळ वाचू नये. मागचा मजकूर पुन्हा दाखवण्याची सोय अशा खेळांत असते, तिचा उपयोग करून हाक बदलल्याचे वाक्य वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यावे.

रडण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. की संस्थेच्या अशा कथांना जपानीत ‘नाकीगे’, म्हणजे रडवणारा खेळ, म्हणतात, आणि ही कीर्ती आधीच कानावर आल्यामुळे वाचक रुमाल घेऊनच बसतो. अशा वेळी ‘डोळ्यांत पाणी आले’ या नोंदीला फारशी किंमत राहत नाही. कोणत्या वाक्यावर आले, तेव्हा संगीत चालू होते की थांबले होते, आणि नागिसाला प्रिय असलेल्या डांगोच्या (तांदळाच्या पिठाच्या जपानी गोळ्यांच्या) गाण्याची चाल मागे वेगळ्या रूपात वाजत होती का, हे लिहा. आणि सगळे जग रडते म्हणतात त्या प्रसंगी आपण कोरडे राहिलो तर तेही लिहा, लाजू नका. माझ्या वहीत अशी दोन पाने आहेत आणि ती मला आज सर्वांत खरी वाटतात.

एक इशारा: २००७ मध्ये क्योतो अ‍ॅनिमेशननेच ‘क्लॅनाड’ची अ‍ॅनिमे मालिका केली. ती चांगली आहे, परंतु खेळ अर्धवट असताना ती पाहू नये. पडद्यावरचा तोमोया तुमच्यासाठी निवड करून मोकळा होतो आणि मग वहीत लिहायला केवळ मत उरते.

आता ‘ह्योका’कडे वळू. योनेझावा होनोबू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या मालिकेतले कामियामा हे गाव गिफू प्रांतातल्या ताकायामा शहरावर बेतलेले आहे. ओरेकी होतारो हा मुलगा, जे करायलाच हवे असे नाही ते करायचे नाही आणि जे करावेच लागेल ते झटपट उरकायचे, या तत्त्वाने जगतो. त्याच्याच शाळेतली चितांडा एरु त्याला ते तत्त्व पाळू देत नाही. तिचे पालुपद ‘वाताशी, कि नि नारिमास’ इंग्रजी उपशीर्षकांत ‘मला कुतूहल आहे’ अशा अर्थाने येते, पण ‘मला राहवत नाही’ हे मराठी त्याच्या अधिक जवळ आहे असे मला वाटते. ती समवयस्कांशीही अदबीने बोलते, होतारोला ‘ओरेकी-सान’ म्हणते. त्याचा मित्र सातोशी त्याला सरळ ‘होतारो’ म्हणतो आणि शाळेतलीच मायाका कोरडेपणाने ‘ओरेकी’. कोण कोणाला काय म्हणते याचा एक लहान तक्ता पहिल्या दोन भागांतच करून ठेवावा.

या मालिकेत रहस्ये लहान असतात. दुसऱ्या भागात एकच जाडजूड पुस्तक दर शुक्रवारी वेगवेगळ्या मुली ग्रंथालयातून नेतात आणि त्याच दिवशी परत करतात, एवढाच प्रश्न आहे. प्रश्न पूर्ण मांडला गेला की भाग थांबवा आणि पानाच्या डाव्या बाजूस फक्त दिसलेल्या व ऐकलेल्या गोष्टी, उजव्या बाजूस आपला तर्क, असे लिहा. डावीकडे चुकूनही ‘बहुधा’ हा शब्द येता कामा नये. त्यानंतर तर्काची खात्री रुपयात किती आणे ते नोंदवा. ‘बारा आणे’ म्हटले की मला टक्क्यांपेक्षा अधिक प्रामाणिक राहता येते, हा माझ्या वयाचा दोष समजा. उत्तर मिळाल्यावर उजवी बाजू खोडू नये. चुकलेला तर्क कोणत्या दुव्यावर तुटला ते खाली वेगळ्या शाईने लिहावे: वस्तू दिसली नव्हती, दिसली पण तिला महत्त्व दिले नाही, की महत्त्व दिले पण अर्थ उलटा लावला.

या सरावासाठी एकोणिसावा भाग सर्वांत उत्तम आहे. होतारो आणि चितांडा खोलीत बसलेले असतात आणि शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून एक घोषणा होते: ३१ ऑक्टोबरला स्थानकासमोरच्या अमुक दुकानात ज्याने खरेदी केली असेल त्याने ताबडतोब शिक्षककक्षात यावे. एवढ्या एका वाक्यावरून होतारो तर्काची साखळी उभारतो आणि भागातला जवळजवळ सारा वेळ त्या दोघांच्या बोलण्यातच जातो. घोषणा संपताच थांबून वीस मिनिटे स्वतःला द्या. घोषणेतला प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर लिहा आणि विचारा: हाच दिवस का, ताबडतोब का, दुकानाने विद्यार्थ्याला परस्पर का शोधले नाही, आणि बोलावणारा शिक्षक कोण असेल. माझी साखळी तिसऱ्या कडीला अडकली, पण पुढचे संवाद मी असे ऐकले की जणू खोलीत तिसरी खुर्ची माझी होती.

आठव्या ते अकराव्या भागातील कथेला वेगळी पद्धत लागते. एका वर्गाने स्वतः बनवलेला रहस्यपट उलगड्याआधीच तुटतो, कारण पटकथा लिहिणारी मुलगी आजारी पडली आहे, आणि तीन विद्यार्थी एकामागून एक आपापले उत्तर मांडतात. येथे प्रत्येक उत्तरानंतर थांबा, आणि ते पटले की नाही एवढ्यावर न थांबता, ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे लिहा. अकराव्या भागाच्या आधी ही तीन पाने पुन्हा वाचावीत. का, ते भाग पाहिल्यावर कळेल.

वही इतरांना दाखवायची असेल तर प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तुम्ही कुठवर पोचला होता ते लिहा: ‘सातव्या भागापर्यंत’, ‘कोतोमीचा रूट पूर्ण, आफ्टर स्टोरी उघडलेली नाही’. हे वाचणाऱ्याला रहस्यभंगापासून वाचवते आणि तुम्हाला शहाणपणाच्या आवापासून.

दोन्ही कलाकृती एकाच वहीत ठेवण्याचा लाभ बाविसाव्या भागात मिळतो. ताकायामातील मिनाशी देवस्थानाच्या वसंतातल्या मिरवणुकीवर बेतलेला उत्सव आटोपल्यावर, घरी परतण्याच्या वाटेवर, होतारो एक वाक्य मनात जुळवतो. चित्र तिथेच थांबवा. ‘क्लॅनाड’ने या ठिकाणी जसा चौकोन दाखवला असता तसा पानावर आखा, त्यात दोन पर्याय स्वतःच्या शब्दांत लिहा, तुम्ही कोणता निवडला असता आणि कशासाठी ते त्याखाली नोंदवा, आणि मगच पुढे जाऊ द्या.