मालिकेतल्या वाक्यांची जपानी फ्लॅशकार्ड

सबटायटलची फाइल आणि व्हिडिओ दिला, की 'सब्ज टू एसआरएस'सारखी साधनं प्रत्येक संवादाचं अँकी (फ्लॅशकार्डांची ठरावीक अंतरानं उजळणी करून घेणारं अॅप) कार्ड करून देतात: आवाज, चित्र, वाक्य. एका भागातून शेकडो कार्डं निघतात, आणि सगळी ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. मी फक्त तेच वाक्य ठेवते ज्यात एकच शब्द अनोळखी आहे, बाकीचं समजतंय. दोन-तीन शब्द अडले तर ते कार्ड सरळ काढून टाकते. ते शब्द पुढे सोप्या वाक्यांत भेटतातच.

सबटायटल जपानीच घ्या. भाषांतर बहुधा सैल असतं, शब्दाला शब्द जुळत नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला आधी नुसता आवाज ठेवा. लिहिलेलं वाक्य, कांजीचा (चिनीतून आलेल्या चित्राक्षरांचा) उच्चार आणि अर्थ मागे. कारण वाक्य डोळ्यांसमोर असलं की कान काम करत नाहीत. आणि जपानीत स्वराचा चढउतार अर्थ बदलतो: तोक्योच्या बोलीत 'हाशी' सुरुवातीला चढा असेल तर चॉपस्टिक, शेवटी चढा असेल तर पूल. हे छापील यादीतून कळणारच नाही.

अॅनिमेतलं वाक्य असेल तर कोण कोणाशी बोलतंय तेही कार्डावर लिहा. 'ओमाए' म्हणजे 'तू', पण शिक्षकांना किंवा अनोळखी माणसाला तसं म्हटलं तर तो उद्धटपणाच.

रोज दहा नवी कार्डं पुरतात. तुंबलेली उजळणी आधी संपवा, मग नवी उघडा.