तुटलेल्या दातावरून गिअर निकामी होण्याचं कारण कसं शोधावं

गिअरबॉक्समधला दात तुटला की सगळी धावपळ नव्या गिअरसाठी होते आणि जुना थेट भंगारात जातो. कृपया तसं करू नका. बिघाडाचा पुरावा त्या जुन्या गिअरवरच असतो. कारण न शोधता नवा बसवला, तर तोही तसाच जाण्याची भीती राहते.

१. मशीनची वीज तोडून स्विचला कुलूप लावा. ऑइल काढून टाकण्याआधी स्वच्छ बाटलीत त्याचा नमुना घ्या. दुधाळ ऑइलमध्ये बहुधा पाणी शिरलेलं असतं. काळं पडून जळका वास येत असेल, तर ते जास्त तापलं आहे. तळाशी चुंबक फिरवून लोखंडी कण गोळा करा.

२. सगळे तुकडे जपा, दातांना क्रमांक द्या, फोटो काढा. वायर ब्रश मारू नका. तुटलेले तुकडे एकमेकांत बसवून बघण्याचा मोहही आवरा, कारण त्याने तुटीच्या पृष्ठभागावरच्या बारीक खुणा चेपल्या जातात.

३. आता भिंग आणि टॉर्च घेऊन तूट बघा. इथे घाई नको. शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा दिसल्या, तर ती थकव्याची (वारंवार पडणाऱ्या भाराने झालेली) तूट: दाताच्या मुळाशी बारीक तडा गेला, तो हळूहळू वाढला आणि उरलेला भाग शेवटी एकदम तुटला. गुळगुळीत भाग (हळूहळू वाढलेला तडा) मोठा आणि खरबरीत भाग (शेवटची तूट) लहान असेल, तर शेवटच्या क्षणी भार त्या मानाने कमीच होता. पूर्ण तूट खरबरीत, दाणेदार असेल, तर एकाच मोठ्या झटक्याचा संशय घ्या: मशीन जाम होणं, दातांत बाहेरची वस्तू सापडणं. पाच-सहा दात तुटले असतील, तर प्रत्येक दात तपासा. पुष्कळदा एकच दात थकून पडलेला असतो आणि बाकीचे त्याच्या तुकड्यांनी मोडलेले असतात. तो पहिला दात सापडला, की खरा शोध सुरू होतो.

४. न तुटलेल्या दातांचे पृष्ठभाग वाचा. पिच लाइनच्या (दाताच्या उंचीच्या साधारण मध्यावरच्या रेषेच्या) आसपास, विशेषतः किंचित खाली, खड्डे असतील तर ते पिटिंग. नव्या गिअरवर थोडं होऊन थांबलं तर चालतं. वाढत गेलं तर भार जास्त आहे. टोकाकडे आणि मुळाकडे उभे ओरखडे, फाटल्यासारखा पृष्ठभाग म्हणजे स्कफिंग. पिच लाइनवर दात एकमेकांवर लोळतात, तिच्यापासून दूर घसरतात. ऑइलचा थर तुटला की घसरणारा भाग आधी फाटतो.

५. खुणा दाताच्या एकाच कडेला असतील, तर ऑइलला दोष देण्याआधी शाफ्टचं अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एकमेकांशी नीट जुळलेले आहेत का) आणि बेअरिंग तपासा. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

६. नवा गिअर बसवल्यावर दातांना ब्लू (ठसा दाखवणारा निळा रंग) लावून हाताने फिरवा. ठसा दाताच्या मधल्या भागात, रुंदीभर पसरलेला हवा. तो एका कडेला सरकलेला दिसला, तर मशीन चालू करू नका; आधी शाफ्टचं अलाइनमेंट ठीक करा.