निक ड्रेक ऐकावा कसा

निक ड्रेक ऐकायचा असेल तर सर्वप्रथम कूलर बंद करावा. सूचना गमतीची वाटेल, परंतु नागपुरात एप्रिल ते जून या काळात घरोघरी खिडकीला लावलेल्या कूलरची जी अखंड घरघर चालू असते, ती नेमकी खालच्या सुरांवर पसरते, आणि ड्रेकच्या गाण्यातील निम्मे वैभव तिथेच, म्हणजे गिटारच्या जाड तारांत, डबल बासमध्ये आणि त्याच्या स्वतःच्या खर्जाकडे झुकणाऱ्या, जवळजवळ कुजबुजीसारख्या आवाजात असते. मी त्याची पहिली ध्वनिमुद्रिका मे महिन्यातील एका दुपारी धरमपेठेतील खोलीत कूलरसमोर बसून ऐकली आणि ‘गोड, परंतु निर्जीव’ असा शेरा मारून बाजूला ठेवली. तीच ध्वनिमुद्रिका डिसेंबरात, रस्त्यावरची वाहने थांबल्यानंतर, दारे-खिडक्या लावून हेडफोनवर ऐकली, तेव्हा त्या शेऱ्याची लाज वाटली. म्हणून माझा आग्रह असा आहे की दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ या कामासाठी राखून ठेवावा. त्या दिवसांत नागपूरच्या रात्री गार आणि बऱ्यापैकी शांत असतात.

गायकाची ओळख थोडक्यात करून घ्यावी. स्वतः गीत लिहून, स्वतः चाल बांधून, स्वतःच्या गिटारवर गाणारा हा इंग्लिश कलावंत 19 जून 1948 रोजी रंगून येथे जन्मला. त्याचे वडील रॉडनी हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीत अभियंता होते. पुढे कुटुंब इंग्लंडला परतले आणि वॉरिकशायरमधील टॅनवर्थ-इन-आर्डन या गावी स्थायिक झाले. निकने केंब्रिजला इंग्रजी साहित्याचा अभ्यासक्रम अर्धवट सोडला आणि ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ (1969), ‘ब्रायटर लेटर’ (1971) व ‘पिंक मून’ (1972) या तीन ध्वनिमुद्रिका केल्या. त्याच्या हयातीत यांपैकी एकीच्याही 5,000 प्रती खपल्या नाहीत, असे सांगितले जाते. 25 नोव्हेंबर 1974 रोजी, वयाच्या 26व्या वर्षी, औषधाच्या अतिमात्रेमुळे त्याचा मृत्यू झाला. 1999 मध्ये फोक्सवॅगनच्या मोटारीच्या एका जाहिरातीत ‘पिंक मून’ हे शीर्षकगीत वाजले आणि 27 वर्षे कोपऱ्यात पडून राहिलेली ती ध्वनिमुद्रिका अमेरिकेत धडाधड विकली जाऊ लागली. प्रौढ वयातील त्याचे गातानाचे एकही चलचित्र उपलब्ध नाही, त्यामुळे ज्यांना संगीत पाहण्याची सवय झाली आहे त्यांना इथे नाइलाजाने केवळ ऐकावेच लागते.

एवढी माहिती पुरे. यापुढील चरित्र काही आठवडे बाजूला ठेवावे, ही माझी दुसरी सूचना आहे. ड्रेकविषयी जे जे लिहिले जाते, त्यात त्याचे नैराश्य आणि अकाली मृत्यू यांना इतके अग्रस्थान मिळते की श्रोता प्रत्येक ओळीत मरणाची चाहूल शोधू लागतो आणि गाण्यातील बांधणीकडे, चतुराईकडे, इतकेच काय, थट्टेकडेही त्याचे दुर्लक्ष होते. पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक म्हणजे सिगारेट वळण्याच्या कागदांच्या पुडक्यात शेवटी येणारी ‘पाचच पाने उरली’ ही सूचना आहे, आणि दुसरीचे शीर्षक हे हवामानवृत्तातील ‘नंतर आकाश उजळेल’ अशा अर्थाच्या शब्दांचे मुद्दाम विक्षिप्त केलेले स्पेलिंग आहे. अशी शीर्षके देणाऱ्या माणसाला केवळ शोकमूर्ती मानून ऐकणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रारंभ ‘रिव्हर मॅन’ या गाण्याने करावा. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील हे दुसरे गाणे मराठी श्रोत्याला एका विशेष कारणाने जवळचे वाटेल. पाश्चात्त्य लोकप्रिय गाणी बहुतांशी चार मात्रांच्या आवर्तनात बांधलेली असतात. हे गाणे पाच मात्रांचे आहे. ज्यांचे कान झपतालावर वाढले आहेत, त्यांना पाच-पाचाची ही चाल परकी वाटू नये. पहिल्या वेळी शब्दांकडे मुळीच लक्ष न देता, मांडीवर बोट आपटून, केवळ एक ते पाच मोजत जावे आणि गिटारची ‘एक’ कुठे पडते ते पक्के करावे. दुसऱ्या वेळी मोजणे चालू ठेवून आवाज ऐकावा. तेव्हा असे दिसेल की गिटार घड्याळासारखी नेमकी चालली आहे, आणि गळा मात्र तिच्या आवर्तनाला बांधून न घेता ओळ थोडी उशिरा उचलतो, एखादा स्वर पुढील आवर्तनात ओढून नेतो आणि शेवटी कसलीही घाई न करता जागेवर येऊन बसतो. आपल्याकडे विलंबित ख्यालात लय सांभाळणारा ठेका आणि तिच्यावर तरंगणारा गायक हे दोन वेगळे कलावंत असतात. इथे दोन्ही कामे एकच माणूस, एकाच वेळी, हाताने आणि गळ्याने करतो. हे ज्याला एकदा ऐकू आले त्याला ‘फार साधे गाणे आहे’ असे पुन्हा म्हणवणार नाही.

तिसऱ्या वेळी गंधाराकडे कान द्यावा. कोमल आणि शुद्ध अशा दोन्ही गंधारांची या गाण्यात ये-जा आहे, आणि सावट दाटून आल्यानंतर क्षणभर फिकट ऊन पडावे तसा जो परिणाम जाणवतो, तो मुख्यतः या ये-जेमुळे. दोन्ही गंधार दिसले म्हणून त्यात राग जोग शोधण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. संगीताच्या मैफलींना नेमाने जाणाऱ्या आमच्याकडील मंडळींना परक्या संगीतावर रागाचे नाव चिकटवले की समजल्याचे समाधान मिळते. इथे त्या समाधानाचा उपयोग नाही, कारण हे स्वर रागाच्या चलनातून आलेले नसून एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या बदलातून आलेले आहेत.

त्यानंतर त्याच गाण्यातील व्हायोलिनांचा प्रवेश पाहावा. ते बऱ्याच उशिरा येतात आणि आल्यानंतरही गळ्यावर चढत नाहीत. ही तंतुवाद्यांची रचना हॅरी रॉबिन्सन या अनुभवी संगीतकाराची आहे; त्याच ध्वनिमुद्रिकेतील इतर अनेक रचना मात्र ड्रेकचा केंब्रिजमधील मित्र रॉबर्ट कर्बी याने, विद्यार्थी असतानाच, केल्या आहेत. निर्माता जो बॉइड याने आधी नेमलेल्या व्यावसायिक संगीत-संयोजकाचे (साथीच्या वाद्यांची रचना करणाऱ्याचे) काम ड्रेकला पसंत पडले नाही, आणि एरवी अबोल असलेल्या या विशीतील मुलाने आपल्या मित्राचे नाव पुढे केले. तो आग्रह किती योग्य होता हे ‘वे टू ब्लू’ या गाण्यात कळते, जिथे गिटार अजिबात नाही, केवळ तंतुवाद्ये आणि गळा आहे. ‘चेलो साँग’मध्ये चेलो आणि हाताने वाजवायचे कोंगा यांच्या मध्ये गिटार कशी धावते तेही ऐकावे. ही ध्वनिमुद्रिका मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी न ऐकता क्रमाने, आणि शक्य झाल्यास सलग आठवडाभर, दररोज एकदा ऐकावी.

आता गिटारकडे वळू. या विषयावर मला थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण ड्रेकच्या वेगळेपणाची किल्ली इथे आहे. गिटारच्या सहा तारा सामान्यतः ठरावीक स्वरांत लावलेल्या असतात आणि बहुतेक वादक आयुष्यभर त्याच ठेवतात. ड्रेक गाण्यागणिक तारा वेगळ्या जुळवत असे. ‘पिंक मून’ या गाण्यासाठी त्याने लावलेल्या तारा, जाड तारेपासून बारीक तारेकडे, सी-जी-सी-एफ-सी-ई अशा आहेत. सी हा षड्ज मानला तर आपल्या भाषेत सा-प-सा-म-सा-ग. म्हणजे सहांपैकी तीन तारा षड्जात, आणि त्यांच्या सोबतीला पंचम, मध्यम व गंधार. ज्याने तंबोरा जुळवला आहे त्याला हे वाचूनच काहीतरी ऐकू येईल. डावा हात चालीचे स्वर दाबत असताना मोकळ्या तारा मागे झंकारत राहतात, आणि एकटी गिटार असूनही खोली भरल्यासारखी वाटते. घरी गिटार असेल तर तारा तशा लावून, काहीही न दाबता, त्या एकामागून एक हळूच छेडून पाहाव्यात. मोबाइलवरील तंबोऱ्यावर सी षड्ज ठेवून सोबत लावला तरी चालेल. पाच मिनिटांचा हा प्रयोग पन्नास लेखांपेक्षा अधिक शिकवतो. याच सवयीने त्याचे कार्यक्रम मात्र बुडवले. दोन गाण्यांच्या मध्ये तारा जुळवण्यात बराच वेळ जाई, तेवढ्यात श्रोत्यांशी चार शब्द बोलून त्यांना धरून ठेवणे त्याला जमत नसे, आणि गोंगाटाच्या ठिकाणी लोक आपापल्या गप्पांना लागत. थोड्याच कार्यक्रमांनंतर त्याने रंगमंच सोडला, आणि ज्या काळात ध्वनिमुद्रिका विकण्यासाठी गावोगाव गात फिरावे लागे, त्या काळात याचा परिणाम काय झाला असेल ते वेगळे सांगायला नको.

शब्दांचा प्रश्न अनेकांना अडवतो. इंग्रजी उत्तम येणाऱ्यांनाही ड्रेकची गीते पहिल्या फेरीत धूसर वाटतात. या बाबतीत नागपूरकराने आपलाच अनुभव आठवावा. आपल्या शहरातील कवी ग्रेस यांची ‘भय इथले संपत नाही’ ही कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आणि लता मंगेशकरांच्या आवाजात आपल्यापैकी किती जणांनी अर्थ लागण्याच्या कितीतरी आधी मनात साठवली! तिथे आपण अर्थासाठी अडून बसलो नाही. ड्रेकच्या बाबतीतही गीतांचा मजकूर समोर ठेवून ऐकणे पहिल्या महिन्यात टाळावे. नदी, चंद्र, पाने, सकाळ अशी मोजकीच चित्रे तो पुन्हा पुन्हा आणतो. ती कानात बसली की वाक्ये आपोआप जुळू लागतात.

दुसरा टप्पा ‘पिंक मून’चा. 1971च्या ऑक्टोबरात लंडनच्या साउंड टेक्निक्स या स्टुडिओत, ध्वनिमुद्रक जॉन वुड याच्यासमोर, केवळ दोन रात्रींत ही 11 गाणी मुद्रित झाली. शीर्षकगीतातील पियानोचे काही सूर सोडले तर गळा आणि गिटार यांखेरीज त्यात काहीही नाही, आणि सगळी लांबी जेमतेम 28 मिनिटांची आहे. जेवणानंतर, दिवे मंद करून, एका बैठकीत ती ऐकावी. वर्धा रोडवर गाडी चालवताना ती लावू नये. रहदारीत तिचे काहीच उरत नाही. शेवटचे ‘फ्रॉम द मॉर्निंग’ हे गाणे विशेष लक्ष देऊन ऐकावे, कारण या ध्वनिमुद्रिकेला सरसकट काळोखी ठरवणाऱ्यांचे म्हणणे तिथे टिकत नाही: ते एका पहाटेचे गाणे आहे आणि त्यातील गिटार अक्षरशः बागडते.

‘ब्रायटर लेटर’ सर्वांत शेवटी घ्यावी. ड्रम्स, ब्रास (पितळी फुंकवाद्ये) आणि साथीचे गायन यांमुळे ती सर्वांत सजवलेली आहे, आणि माझ्या मते काही ठिकाणी ही सजावट गायकाला झाकते. ‘नॉर्दर्न स्काय’ला मात्र हे लागू नाही, संगीतकार जॉन केल याने त्यात वाजवलेल्या सेलेस्टाचे (पट्ट्या दाबून वाजवायच्या, घंटीसारख्या नादाच्या वाद्याचे) नाजूक सूर ऐकण्यासाठी कूलर पुन्हा एकदा बंद करणे योग्य ठरेल.

एवढे झाले की चरित्राकडे जाण्यास हरकत नाही, परंतु तेही मृत्यूच्या दाराने न जाता आईच्या दाराने जावे. निकची आई मॉली स्वतः गाणी रचत असे आणि पियानोवर गात असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश सोडावा लागल्यावर ती दिल्लीस आली होती, आणि तिथे आपल्या बहिणीबरोबर तिने ऑल इंडिया रेडिओवर जोडगाणी सादर केली होती. निकची मोठी बहीण गॅब्रिएल हिचा जन्म 1944 मध्ये लाहोरचा. पुढे इंग्लंडमधील घरात, 1950च्या दशकात, मॉलीची काही गाणी पतीने टेपवर मुद्रित करून ठेवली आणि ती 2010 नंतर प्रकाशित झाली. ती ऐकताना पियानोवरील स्वरांची अनपेक्षित वळणे, ओळ अर्ध्यावर सोडल्यासारखी संपवण्याची रीत आणि स्वतःशीच बोलावे असा सूर यांकडे लक्ष द्यावे. या कोणत्याही गाण्याला प्रसिद्धीची अपेक्षा नव्हती. ती घरातील माणसांसाठी होती, आणि घरात एक लहान मुलगा होता. मॉलीची चार-पाच गाणी झाल्यावर, मध्ये काही न बोलता, ‘रिव्हर मॅन’ पुन्हा लावावे. या वेळी मात्रा मोजू नयेत.