धमनीतल्या रक्तप्रवाहाचं सिम्युलेशन करताय? या चुका टाळा

कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या) धमनीच्या मॉडेलमध्ये रेनॉल्ड्स संख्या (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा आकडा) लाखाच्या घरात आली, तर लगेच टर्ब्युलन्स, म्हणजे खळबळत्या प्रवाहाचं मॉडेल शोधायला धावू नका. आधी एककं तपासा. स्कॅनवरून काढलेली एसटीएल फाइल (धमनीचा त्रिमितीय आकार) बहुधा मिलिमीटरमध्ये असते आणि ओपनफोम हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर ती मीटर समजून चालतं. व्यास ३ मिमी, वेग सेकंदाला २० सेंमी, घनता घनमीटरला १०६० किलो, श्यानता (रक्ताचा घट्टपणा) ०.००३५ पास्कल-सेकंद धरली, तर उत्तर १८० च्या आसपास यायला हवं.

सगळ्यात महागात पडते ती आउटलेटवरची, म्हणजे रक्त मॉडेलबाहेर पडतं त्या टोकांवरची चूक. सगळ्या फांद्यांच्या टोकाला शून्य दाब टाकला की सॉल्व्हर झटकन कन्व्हर्ज होतो (उत्तर स्थिरावतं), रंगीत चित्रंही झकास येतात. पण मग कुठल्या फांदीत किती रक्त जाणार हे तुम्ही ती कुठे कापलीत यावर ठरतं. पुढच्या बारीक वाहिन्यांचा रोध हिशोबातच नसतो. त्यात एफएफआर (फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह, ब्लॉकेज प्रवाहाला किती अडवतं याचं माप) काढायचा असेल, तर आणखी पंचाईत. औषधाने प्रवाह कमाल वाढवून, ब्लॉकेजपुढचा दाब भागिले महाधमनीतला दाब, असं हे गुणोत्तर, ०.८० किंवा त्याखाली गेलं की अडथळा दखल घेण्याजोगा. टोकाचा दाब तुम्हीच ठरवून टाकलात, तर मोजायला उरलं काय? प्रत्येक टोकाला रोध किंवा विंडकेसल मॉडेल (रोधासोबत वाहिन्यांची लवचीकताही धरणारं) जोडा, आणि विश्रांतीच्या वेळचा रोध एफएफआरसाठी तसाच वापरू नका. इनलेटला (रक्त मॉडेलमध्ये शिरतं तिथे) मांडीच्या धमनीची वेव्हफॉर्मही (ठोक्यागणिक प्रवाहाचा आलेख) नको. डाव्या कोरोनरीत रक्त मुख्यतः डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय सैलावतं तेव्हा वाहतं.

श्यानतेसाठी कॅसनचं सूत्र की कॅरोचं, यावर लोक आठवडे घालवतात. त्याआधी सेगमेंटेशन (स्कॅनमधून धमनीची पोकळी वेगळी काढणं) बघा. रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, १.५ मिमीच्या अरुंद जागी व्यास ०.१५ मिमी कमी धरला, की रोध दीडपट. सीटीत कॅल्शियम फुगलेलं दिसतं, त्यामुळे पोकळी आहे त्याहून चिंचोळी भासते.

पहिल्या ठोक्याचे आकडे वापरू नका. लागोपाठचे दोन ठोके जुळेपर्यंत चालवा.

आणि अहवालात ‘हार्ट अटॅकचा धोका अमुक टक्के’ असं लिहू नका. पुष्कळ अटॅक फारशा अरुंद नसलेल्या जागी, प्लाकचं (धमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थराचं) आवरण फाटून गुठळी झाल्याने येतात. धोक्याचं आवरण ६५ मायक्रॉनहूनही पातळ असतं. ते सीटीत दिसत नाही, म्हणून तुमच्या मेशमध्येही (मॉडेलच्या जाळीतही) नसतं. दाब, प्रवाह आणि भिंतीवरचा घर्षणताण, एवढेच रकाने ठेवा.